चार हात पुढची वाट

दिवाळी सरली आणि कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की आपल्या समाजात दोन निरनिराळ्या प्रवासांची तयारी सुरू होते. चार महिने एका ठिकाणी स्थिर राहिलेले साधू-साध्वी विहाराच्या तयारीला लागतात आणि सुट्या संपण्यापूर्वी कुठेतरी जाऊन यावे म्हणून गृहस्थ मंडळी गाडी ठरवू लागतात. एकाच गावातून, जवळजवळ एकाच आठवड्यात हे दोन्ही प्रवास निघतात. पहिल्याविषयी आपल्या मनात श्रद्धा असते; दुसऱ्याविषयी आपण फारसा विचारच करीत नाही. तो विचार मला करावा लागला तो माझ्या सासूबाईंमुळे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, आमचे चिखलदऱ्याला जाण्याचे घाटत असताना, त्यांनी सुपारी निवडावी तितक्या सहजपणे मला विचारले, "काय गं, असं फिरायला जाणं अनर्थदंडात येतं का?"

प्रश्न वरवर साधा वाटतो. पण ज्यांनी श्रावकाचाराचे थोडेफार वाचन केले आहे, त्यांना तो साधा नाही हे ठाऊक असेल. श्रावकाच्या बारा व्रतांत तीन गुणव्रते आहेत आणि त्यांतील एक अनर्थदंडविरमण, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहणे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या दोषाचा 'प्रमादचर्या' नावाचा प्रकार सांगितला आहे. विनाकारण माती उकरणे, पाणी उडवणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, झाडे-पाने तोडणे ही कृत्ये त्यात मोडतात. आणि त्याच यादीत निरर्थक भटकणे व दुसऱ्यांना भटकावणे यांचाही समावेश आहे. श्वेतांबर परंपरेतही प्रमादाचरण हा अनर्थदंडाचा प्रकार म्हणूनच गणला जातो. म्हणजे दोन्ही परंपरांतील आचार्यांनी आपल्या सहलीची दखल शतकानुशतके आधीच घेऊन ठेवली आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाला आणखी एक पार्श्वभूमी होती. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही ऐन श्रावणात चिखलदऱ्याला गेलो होतो. चातुर्मासात गावाबाहेर जाणे त्यांना मुळीच पसंत नव्हते. नातवाच्या हट्टाखातर त्या आल्या. एका दिवसात आम्ही सात 'पॉइंट' उरकले. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबे, आम्ही "दोन मिनिटांत येतो हं, आई" असे म्हणून उतरत असू आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या गाडीतच बसून राहत. दऱ्यांत धुके दाटले होते. आम्हांलाही फार काही दिसले नाही. परतताना घाटात त्यांनी विचारले, "काय काय पाहिलंत?" मुलांनी मोबाईलमधील छायाचित्रे पुढे केली. ती पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी सांगू मी काय पाहिलं?" आणि मग त्यांनी सांगितले ते असे : ओल्या डांबरी रस्त्यावर ठिकठिकाणी चिरडलेली बेडके, गोगलगायी, गांडुळे, आणि त्यांवरून जाणारी एकामागून एक चाके. आम्ही धुक्यात दऱ्या शोधीत होतो तेव्हा त्या खिडकीतून रस्ता पाहत होत्या.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आपले साधू-साध्वी पावसाळ्यात विहार का थांबवतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पावसाने भूमी जीवांनी भरून जाते, अंकुर फुटतात, पाऊल ठेवण्यास निर्दोष जागा मिळणे कठीण होते, म्हणून चार महिने स्थिरवास. हे सर्व पाठ होते. परंतु त्याचा अर्थ त्या दिवशी आमच्याच गाडीच्या चाकांखाली होता.

पुढल्या आषाढात सासूबाईंनी चार महिन्यांसाठी दिशामर्यादा घेतली : वर्धा शहराची हद्द ओलांडायची नाही. आम्हीही त्यांच्याबरोबर सहलीचा विचार कार्तिकी पौर्णिमेनंतरवर ढकलला. आणि निघण्यापूर्वी त्यांनी वरील प्रश्न विचारला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा आमच्या गावात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींकडे आम्ही दोघी गेलो.

साध्वीजींनी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर दिले नाही. त्यांनी विचारले, "तिथे जाऊन गाडीतून फिरणार की चालणार?" सासूबाई म्हणाल्या, "चालेन, जमेल तेवढं." त्यावर साध्वीजी म्हणाल्या, "मग आधी पायाखाली पाहायला शिका. दरी आपोआप दिसेल."

या एका वाक्यात ईर्यासमितीचे सार आहे. पाच समित्यांपैकी ही पहिली. तिचे पूर्ण पालन महाव्रतींनाच शक्य असले, तरी तिची अंगे पाहिली तर गृहस्थालाही त्यांतून पुष्कळ घेता येईल. सूर्यप्रकाशात चालावे. लोकांच्या व जनावरांच्या येण्याजाण्याने रुळलेल्या वाटेनेच चालावे. हिरवळीवरून, अंकुरांवरून, वारुळांवरून चालू नये. प्रयोजन असेल तरच चालावे. घाई करू नये. दृष्टी पुढच्या चार हात भूमीवर ठेवावी. चालताना चालण्याकडेच लक्ष असावे, गप्पांकडे नव्हे.

आता कोणत्याही अभयारण्याच्या दाराशी वनखात्याने लावलेला सूचनाफलक आठवून पाहा. सूर्यास्तानंतर आत थांबू नये. ठरलेली वाट सोडू नये. आरडाओरडा करू नये. झाडे, फुले तोडू नयेत. प्राण्यांना त्रास देऊ नये. शब्द निराळे, पण आचरण तेच. जी शिस्त आपल्या आगमांनी करुणेपोटी सांगितली, तीच आजच्या वनरक्षकाला अनुभवातून सुचली आहे. जैन कुटुंबाला हा फलक परका वाटण्याचे काही कारणच नाही.

साध्वीजींच्या सांगण्यावरून सासूबाईंनी महिनाभर घरीच सराव केला. रोज सकाळी ऊन पडल्यावर दहा मिनिटे, मग पंधरा, मग पंचवीस. रविवारी आम्ही त्यांना पवनारला धाम नदीकाठी नेत असू. पायी चालण्याच्या बाबतीत आपल्या वर्धा जिल्ह्याची पुण्याई मोठी आहे. 30 एप्रिल 1936 रोजी महात्मा गांधी वर्ध्याहून पायीच शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. पवनारच्या परंधाम आश्रमातील विनोबा 1951 साली शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी पायी निघाले. त्या यात्रेतून भूदान जन्मास आले, आणि पुढे भारतभर चालून 1964 मध्ये ते पवनारला परतले. जैन समाजाने विनोबांचे आणखी एक ऋण मानले पाहिजे. सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, ही त्यांची तळमळ होती. तिच्यातूनच भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात जिनेंद्र वर्णीजींच्या परिश्रमाने 'समणसुत्तं' सिद्ध झाला. 756 गाथांच्या या ग्रंथात समिती-गुप्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. कसे चालावे याविषयी दिगंबर-श्वेतांबर यांचे एकमत नोंदवणाऱ्या ग्रंथाची प्रेरणा आयुष्यभर चाललेल्या माणसाने द्यावी, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. अन्न-औषधाचा त्याग करून विनोबांनी देह ठेवला तो 15 नोव्हेंबर 1982 रोजी. तो दिवाळीचा, म्हणजे महावीर निर्वाणाचा दिवस होता.

काही वाचक म्हणतील, की डोंगर, तळे आणि जंगल हवे तर चिखलदऱ्यापर्यंत कशाला जायचे? आपल्या जिल्ह्यात, सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर धरण आहे. सातपुड्याच्या बाजूच्या टेकड्या आहेत. सागवानाचे रान आहे. हे अगदी खरे. बोर अभयारण्य 1970 सालचे. 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळी सुमारे 138 चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा प्रकल्प देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत गणला गेला. पण पेंच, मेळघाट, ताडोबा या मोठ्या वनांच्या मधोमध असल्यामुळे त्याचे महत्त्व आकारापेक्षा मोठे आहे. तेथे अवश्य जावे. परंतु वाघाच्या त्या रानात पायी हिंडण्यास परवानगी नाही. नोंदणी करून, मार्गदर्शकासह, वाहनातूनच जावे लागते.

या मनाईविषयी पुष्कळ जण कुरकुरतात. "आपल्याच जिल्ह्यातले जंगल, आणि आपल्यालाच पाय ठेवता येत नाही," असे मी अनेकदा ऐकले आहे. मला मात्र अलीकडे ती मनाई दिग्व्रतासारखी वाटू लागली आहे. अमुक दिशेला अमुक ठिकाणापर्यंतच जाईन, त्यापलीकडे नाही, असा नियम श्रावक स्वतःहून घेतो. त्या मर्यादेपलीकडच्या साऱ्या जीवांना त्याच्याकडून तेवढ्यापुरते अभय मिळते. बोरच्या दाराशी मागे वळताना तेच घडते. आपण जेथे गेलो नाही, तेथे आपल्या पायांनी कोणी मेले नाही, एवढे पुण्य त्या वळण्यात निश्चित आहे.

मेळघाटातही नियम हाच. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. खापरा, खंडू, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या त्या डोंगरांतून वाहत तापीला मिळतात. अस्वले, रानगवे, वाघ, बिबटे यांचे ते घर आहे. शतकाहून अधिक काळ दिसला नव्हता आणि 1997 मध्ये नंदुरबारच्या बाजूला पुन्हा सापडला, तो रानपिंगळा नावाचा छोटासा घुबड पुढे येथेही आढळला. या गाभ्यात आपण पायी जायचे नाही. पण या वनांच्या कुशीतच, गाविलगडाच्या डोंगररांगेवर सुमारे 1100 मीटर उंचीवर चिखलदरा हे गाव आहे, आणि तेथे मात्र सामान्य माणसाला मनसोक्त चालता येते.

वयस्कर माणसांना चिखलदरा सोयीचे का, याचे कारण त्या डोंगराच्या घडणीत आहे. सातपुड्याचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर बसून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. त्यामुळे कडे तुटलेले, परंतु माथा बराचसा सपाट. परतवाड्याहून वर येणारा घाट गाडीने एकदा चढला, की अवघड चढण संपते. गावातले तलाव या पठारावर आहेत आणि दऱ्या त्याच्या कडेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शिखर गाठता येत नाही. पण तळ्याचा काठ गाठता येतो. आणि तळ्याकाठी बसल्यावर आकाश तेवढेच मोठे दिसते.

या वेळी आम्ही एका दिवसात सात ठिकाणे पाहिली नाहीत. दोन दिवसांत चारच पाहिली. पहिल्या सकाळी शक्कर तलाव. ऊन काठावर उतरेपर्यंत थांबलो, मग निघालो. सासूबाई पुढे, आम्ही मागे, असा क्रम ठेवला. पुढच्याच्या गतीने मागच्यांना चालावे लागते, म्हणून सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. ही एक सूचना मी प्रत्येक कुटुंबाला आवर्जून करीन. मुलांना आधी कंटाळा आला. मग धाकट्याला वाटेवर आडवी जाणारी मुंग्यांची रांग दिसली आणि तो थबकला. आजी म्हणाली, "थांब, त्यांना जाऊ दे." रांग संपेना, म्हणून आम्ही सर्व जण एका मोठ्या पावलाने ती ओलांडली. तेथून पुढे मुलांचा तो खेळच झाला. कोणाला आधी काय दिसते! गवताच्या पात्यांमध्ये दवाने जड झालेले कोळ्याचे जाळे. वाळक्या पानासारखे दिसणारे आणि अचानक उडालेले फुलपाखरू. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. काठाशी ध्यानस्थ उभा असलेला ढोकरी बगळा. तासाभरात आम्ही फार तर एक किलोमीटर चाललो असू. त्या तासात मुलांनी एकदाही मोबाईल मागितला नाही.

तलावाकाठी एक प्रसंग घडला तो लिहिणे मला कर्तव्य वाटते. सासूबाईंनी पिशवीतून कणकेच्या गोळ्यांचा डबा बाहेर काढला. माशांना घालण्यासाठी त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे जीवदयेची ही रीत जुनी आहे. कबुतरांना दाणे, माशांना कणीक, वानरांना फुटाणे. पण जंगलाच्या परिसरात ही दया उलटी फिरते. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेली वानरे रस्त्याच्या कडेला बसू लागतात, वाहनांखाली येतात, लेकरांच्या हातातील पिशव्या हिसकावतात आणि शेवटी काठीचा मार खातात. पाण्यात टाकलेली कणीक जेवढी खाल्ली जात नाही तेवढी कुजते आणि पाणी नासवते. शिवाय संरक्षित वनात वन्यप्राण्यांना खाऊ घालण्यास मनाईच असते. हे सर्व मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्या जरा दुखावल्या. "म्हणजे दया करायची नाही का?" असे म्हणाल्या. थोड्या वेळाने मात्र त्यांनी स्वतःच डबा बंद केला आणि नातवाला म्हणाल्या, "इथल्या जीवांना देव देतो तेवढं पुरतं. आपण फक्त मध्ये यायचं नाही." अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण म्हणतो. रानात तेच एक दान देण्याजोगे आहे. बाकी सारे डबे घरी ठेवावेत.

दुपारनंतर काळापाणी तलावाकडे गेलो. दुसऱ्या दिवशी पंचबोल पॉइंट. येथे डोंगरांच्या सोंडा अशा उभ्या आहेत की एक हाक दिली तर ती अनेकदा परत येते, म्हणून पंचबोल. आम्ही पोहोचलो तेव्हा एक मोठा गट आळीपाळीने किंचाळत होता. ते गेल्यावर आमच्या मुलांनीही तोंडाशी हात नेले. सासूबाई म्हणाल्या, "आपण न बोलता काय परत येतं ते पाहू." पाच मिनिटे आम्ही गप्प राहिलो. दरीतून वाऱ्याचा आवाज आला, दूर कुठे गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि पानांत काहीतरी खुसखुसले. वचनगुप्तीचा याहून सोपा धडा मुलांना देता आला नसता.

चौथे ठिकाण भीमकुंड. कीचकाला मारून भीमाने त्याला या दरीत फेकले आणि येथील कुंडात हात धुतले, अशी लोककथा आहे. कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, असे म्हणतात. पावसाळ्यात येथे प्रपात असतो. कार्तिकात पाण्याची धार बारीक झालेली असते, पण खोल दरी स्वच्छ दिसते. ज्यांना थोडे अधिक चालता येते त्यांनी गाविलगडही पाहावा. किल्ला वनक्षेत्रात असल्यामुळे प्रवेशाची वेळ आणि नियम आधी विचारून घ्यावेत. आत तलाव आहेत, जुन्या मशिदीचे भव्य अवशेष आहेत, कोसळलेले तट आहेत. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. ज्या भोसल्यांच्या राज्यात आपला वर्ध्याचा मुलूख होता, त्यांचे स्वातंत्र्य त्या तहाने खिळखिळे केले. एवढ्या रक्तपाताच्या जागी आज गवत डोलते आणि पाखरे घरटी करतात. संसारभावनेचे चिंतन करण्यास याहून समर्पक जागा शोधावी लागणार नाही.

परतीच्या वाटेवर मुक्तागिरी चुकवू नये. परतवाड्याहून चौदा-पंधरा किलोमीटरवर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत बैतूल जिल्ह्यात हे सिद्धक्षेत्र आहे. अचलपूरच्या ईशान्येस मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मुक्तीस गेले, असा निर्वाणकांडात उल्लेख आहे. डोंगराच्या अंगाखांद्यावर 52 मंदिरे आहेत आणि त्यांच्या मध्येच पावसाळ्यात धबधबा कोसळतो. मेंढागिरी या नावामागची कथा प्रसिद्ध आहे. एक मेंढा कड्यावरून ध्यानस्थ मुनींसमोर पडला. मरणाच्या क्षणी मुनींनी त्याच्या कानी नमोकार मंत्र सांगितला आणि तो देवगतीस गेला. चढ-उताराच्या मिळून सुमारे 600 पायऱ्या आहेत. सासूबाईंनी त्या सगळ्या केल्या नाहीत. जेवढ्या झाल्या तेवढ्या करून एका मंदिराच्या ओट्यावर माळ घेऊन बसल्या. आम्ही वर जाऊन आलो तेव्हा या वेळी त्यांनी "काय पाहिलंत?" असे विचारले नाही. धाकटा नातूच धावत जाऊन त्यांना सांगू लागला. एका पायरीच्या फटीत त्याला गोगलगाय दिसली होती आणि तिच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून तो तेथे राखण करीत उभा राहिला होता.

ज्यांना या दिवसांत जावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. वर्ध्याहून रेल्वेने बडनेरा आणि तेथून अमरावती-परतवाडा मार्गे जाता येते. स्वतःचे वाहन असल्यास घाट दिवसाउजेडीच चढावा. कार्तिकी पौर्णिमेपासून माघापर्यंतचा काळ चालण्यास उत्तम. वाटा कोरड्या होतात आणि गवत वाळू लागते. पहाटे थंडी बरीच असते, वृद्धांसाठी लोकरीचे कपडे न्यावेत. नोव्हेंबरच्या मध्यास सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळचे भोजन पाचलाच आटोपेल अशी सोय ठेवावी, कारण हॉटेलांतून इतक्या लवकर काही मिळेलच असे नाही. दशम्या, खाकरे, कोरडी चटणी, भाजलेले चणे आणि उकाळलेले पाणी बरोबर असले म्हणजे कंदमुळांची चौकशी करीत फिरावे लागत नाही. पायांत कापडी किंवा रबरी तळव्याचे बूट आणि हातात साधी काठी असावी. उजाडण्यापूर्वी व अंधार पडल्यावर वस्तीबाहेर पायी जाऊ नये. ती वेळ अस्वलांची व बिबट्यांची. मुलांना कड्याच्या कठड्यावर बसू देऊ नये. जेवढा कचरा घेऊन जाल तेवढा परत घेऊन या.

आता मूळ प्रश्न. फिरायला जाणे हे अनर्थदंडात येते का? मला जे उमगले ते असे. श्रावणातील आमची पहिली सहल येत होती, याविषयी मला शंका नाही. तिला प्रयोजन नव्हते; तिच्यात घाई होती; घरातील ज्या माणसासाठी थांबायला हवे होते त्याला गाडीत सोडून आम्ही पुढे धावत होतो; आणि तिची किंमत रस्त्यावरच्या असंख्य जीवांनी चुकवली. दुसरी सहलही सर्वथा निर्दोष नव्हती. घाट आम्ही गाडीनेच चढलो. गृहस्थाचे कोणतेही पाऊल पूर्णतः निर्दोष नसते. पण त्या सहलीला एक प्रयोजन सापडले. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईला आपल्या माणसांबरोबर चालता आले आणि आमच्या मुलांना खाली पाहून चालणे म्हणजे काय, ते कळले. पाठशाळेत ईर्यासमितीची व्याख्या त्यांनी घोकली होती. ती त्यांच्या पायांत उतरली ती तळ्याकाठी.

यंदा सासूबाईंचे गुडघे अधिक दुखतात. चिखलदरा त्यांना झेपेल असे वाटत नाही आणि त्यांनीही तो विषय काढलेला नाही. परंतु कार्तिकी पौर्णिमेनंतर यंदाच्या चातुर्मासाच्या साध्वीजी आमच्या गावातून विहार करतील, तेव्हा त्यांना पोहोचवण्यासाठी नाक्यापर्यंत पायी जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त नाही. धाकटा नातू आतापासूनच सांगतो आहे, की आजी पुढे चालणार आणि तो तिच्या चार हात पुढची वाट पाहत चालणार.